जांभळ्या रंगावर पिवळे अननस

"काका, तुमच्याकडे कामाला मुलगी पाहिजे का?"

भाविकाने विचारलं खरं, पण आवाज इतका दणदणीत निघाला की दुकानातल्या दोन बायका हातातलं कापड सोडून तिच्याकडेच बघायला लागल्या. काउंटरमागे काळुरामशेठ दातांत टाचण्या धरून उभे होते. टाचण्या नुसत्या हलल्या. दुकानाच्या पायरीखाली आमना आणि निकेश पोट धरून हसत होते. पैज त्यांचीच होती. "तू नुसती बोलतेस गो, हिंमत असेल तर जाऊन विचार," असं आमनाने कॅन्टीनमध्ये डिवचलं होतं, आणि वड्याचा घास तसाच तोंडात ठेवून भाविका तडक उठली होती.

खरं म्हणजे दहावीपर्यंत ही मुलगी हजेरीला 'हजर' म्हणायची तेव्हा तोंडातून फक्त हवा यायची. बाईंनी तिची कित्येकदा गैरहजेरी मांडली होती, ती समोर बसलेली असताना. मग अकरावीला ती पेणच्या कॉलेजात आली. गॅदरिंगच्या दिवशी सूत्रसंचालन करणारी मुलगी तापाने पडली आणि पडद्यामागे नेमकी भाविका उभी होती म्हणून माईक हिच्या हातात आला. त्या संध्याकाळी तिच्या आवाजाला जी वाट सापडली, ती बारावीचं अर्धं वर्ष सरलं तरी बंद व्हायचं नाव घेत नव्हती.

काळुरामशेठनी टाचण्या काढल्या. "मुलगी नको, गिऱ्हाईक पाहिजे."

"गिऱ्हाईक आणणारी मुलगी असेल तर?"

काळुरामशेठनी तिला नीट न्याहाळलं, मग कोपऱ्यातल्या फळीकडे बोट केलं. फळीवर शर्टांची चळत होती. गडद जांभळा रंग, त्यावर मुठीएवढे पिवळे अननस.

पेणपासून रोह्यापर्यंत हळद म्हटली की एका घरच्या सगळ्यांनी एकाच ताग्यातलं कापड घालायचं. पुरुषांचे शर्ट त्याचे, बायकांच्या साड्या त्याच्या, तान्ह्या पोराचं झबलंसुद्धा त्याचंच. कपडा बघितला की माणूस कुठल्या घरचा ते लांबून कळतं. आणि त्या कपड्याबरोबर कामही येतं. पाहुण्याने खुर्चीवर बसायचं; घरचा कपडा ज्याच्या अंगावर, त्याने व्याह्यांच्या मांडवातसुद्धा पंगतीत वाढायचं. या हळदीच्या कपड्यावरच काळुरामशेठचं दुकान उभं होतं.

"रोह्याची पार्टी हाय," काळुरामशेठ सांगू लागले. "काशीबाई म्हणून नवऱ्यामुलाची आत्या हाय, सगळं तीच बघते. बोलली, आमची मानसं अंगानं भरलेली, मोठे शिवा. मी मोठे शिवले. मग बोलली, एवढे पन मोठे नाय! दुसरे शिवून दिले, हे पडून हायत. हे वीक, मग शनिवार-रविवार काउंटर तुझा."

भाविकाने एक शर्ट अंगाला लावला. बाह्या कोपराखाली गेल्या आणि खालची कड गुडघ्यापर्यंत आली.

"ह्यात आपण तिघं बसू," निकेश पायरीवरून म्हणाला.

पण भाविकाचे डोळे चमकले होते. कॉलेजात अख्खं कॅम्पस ढगळ कपड्यांच्या मागे वेडं झालं होतं. खांदा खांद्यावर बसला तर तो शर्ट जुनाट समजला जायचा. मुली भावांचे शर्ट पळवत होत्या, मुलगे दोन मापं मोठे टी-शर्ट घालून हिंडत होते.

"काका, हे मोठे नायत. हे ओव्हरसाइज आहेत!"

"तेच ना गो पोरी, मोठे."

"नाय काका. मोठा शर्ट परत येतो. ओव्हरसाइज शर्टाला रांग लागते."

काळुरामशेठची एकच अडचण होती. रोह्याची हळद शुक्रवारी होती, आणि त्याआधी हा कपडा दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसणं म्हणजे धंद्याची नाचक्की. एक तागा, एक घर, हा त्यांचा शब्द. नेमका शुक्रवारीच कॉलेजात ट्विनिंग डे, म्हणजे सगळ्यांनी एकसारखे कपडे घालायचा दिवस होता.

"रोहा कुठं, कॉलेज कुठं! कोण बघतंय?" भाविका म्हणाली.

"पेनच्या बाहेर नेऊ नको म्हंजे झालं," काळुरामशेठ पुटपुटले. पण तोवर चळत भाविकाच्या हातात गेली होती.

घरी पप्पांनी ऐकून घेतलं. ते कंपनीत शिफ्टला जाणारे, कमी बोलणारे गृहस्थ. "बारावी हाय तुझी. दुकानात उभं राहायचं वय नाय." मग भाविका इतका वेळ, इतक्या मुद्द्यांनिशी बोलली की शेवटी त्यांनी टीव्ही बंद करून हात जोडले. "कर. पन एक जरी तक्रार घरी आली, तर त्या दिवशी काम बंद. मग तुझा आवाज ऐकणार नाय." ही पहिली नोकरी टिकवायची होती, म्हणजे तक्रार येऊ द्यायची नव्हती. एवढं साधं होतं.

दुसऱ्या दिवशी भाविका स्वतः तो शर्ट घालून, बाह्या दुमडून, खाली जीन्स आणि पुढे एक गाठ मारून कॅन्टीनपासून लायब्ररीपर्यंत नुसती चालत गेली. लायब्ररीच्या दारात तिला चौघींनी अडवलं.

"कुठून घेतलास गो?"

"सांगते, पण थोडेच आहेत. प्रत्येक पीस हातानं शिवलेला."

हे खोटं नव्हतं. काळुरामशेठ हातानेच शिवत. दोन दिवसांत चळत संपली. शुक्रवारी वरच्या गॅलरीतून बघितलं तर मैदानात अननसाची बाग लागल्यासारखं दिसत होतं. अकाउंट्सचे सर वर्गाच्या दारात आले, आत सगळे एकाच कपड्यात बघून "सॉरी हं, चालू द्या" म्हणाले आणि परत फिरले. भाविका हवेत होती.

त्याच संध्याकाळी कासूला निकेशच्या मावशीच्या शेतावर पोपटी करायचा बेत होता. थंडी पडली होती, वालाच्या शेंगा भरल्या होत्या. निकेशला धीर नव्हता म्हणून त्याने कॉलेजातच मडकं भरून घेतलं. शेंगा, बटाटे, कांदे, सगळ्याला हळद-मसाला चोळलेला आणि वरून भांबुर्ड्याचा पाला गच्च दाबलेला. नुसता जाळ लावायचा बाकी होता. आईने सकाळी विचारलं होतं, "आम्ही पप्पांच्या शिफ्टमधल्या शिवाकाकांकडे हळदीला चाललोय, येतेस?" भाविका तेव्हा कॉलरला इस्त्री करत होती. "नको, पोपटी आहे," एवढंच म्हणाली. हळद कुठल्या गावात, हे तिने विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही.

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीने अननसांचं ते टोळकं कासूला उतरलं. पेणच्या बाहेर कपडा न्यायचा नाही ही गोष्ट भाविकाला प्लॅटफॉर्मवर पाय ठेवल्यावर आठवली. "जाऊ दे, शेतावर कोण बघतंय," असं ती मनाशी म्हणत स्टेशनबाहेर आली.

बाहेर अख्खं गाव बघत होतं.

आरतीची ताटं घेतलेल्या बायका होत्या, हार घेतलेले पुरुष होते, आणि सगळ्यांच्या मागे बँजो पार्टी तयारीत उभी होती.

"आली! आली! अननसवाली आली!" कोणीतरी ओरडलं आणि बँजो सुटला.

डोळ्याची पापणी लवायच्या आत भाविकाच्या गळ्यात हार पडला, कपाळाला कुंकू लागलं. आमना तिच्या कानाशी ओरडली, "निकेशच्या मावशीकडे एवढी पद्धत?"

"माझी मावशी मला चहापन स्वतःच करून घ्यायला लावते!" निकेशच्या गळ्यात दोन हार होते.

"ओ काका, आम्ही ते नाय! आम्ही पोपटीला..." भाविका जीव तोडून सांगत होती. पण गॅदरिंगचा हॉल गाजवणारा तो आवाज कासूच्या बँजोपुढे पार आडवा झाला. त्यात निकेश. बँजो वाजला की त्याचे पाय त्याच्या ऐकण्यात राहत नाहीत. तो नाचायला लागला तशी बाकीची पोरंही नाचायला लागली.

एका म्हाताऱ्या आजोबांना शंका आली. "अगो, ही गाडी पेनची. रोह्याची गाडी यायची हाय अजून."

"तुमी गप बसा हो," त्यांची म्हातारी म्हणाली. "फोनवर काशीबाय काय बोलली? हायवे खोदलाय, म्हनून मानसं ट्रेननी धाडतो. जांभळ्यावर अननस बघा नि वळखा. हे बघा जांभळं, हे बघा अननस!" एवढ्यात तिची नजर निकेशच्या हातातल्या मडक्यावर गेली. वरचा पाला बघून तिने हातच जोडले. "बाई गो! नवऱ्याची उष्टी हळद लोकं वाटीतून आनतात, यांनी मडकं भरून आनली! रोह्याची मानसं मोठ्या मनाची!"

तेव्हा कुठे भाविकाच्या डोक्यात उजेड पडला. रोहा. काशीबाई. शुक्रवार. ही त्याच लग्नातल्या नवरीकडची माणसं होती, आणि तिचं टोळकं नवऱ्यामुलाकडचं समजून वाजतगाजत मांडवात निघालं होतं. मडकं डोक्यावर घेऊन म्हातारी सगळ्यांत पुढे होती.

मांडवात भाविकाचे पाय धुतले, केसात वेणी माळली आणि मानाची करवली म्हणून तिला पाटावर बसवलं. तिने घाबरत मान वर केली. समोर पहिल्या रांगेत आई आणि पप्पा बसले होते.

पप्पांच्या हातातला सरबताचा ग्लास ओठाला टेकून तिथेच थांबला होता. आईचे डोळे कपाळात गेले होते. पप्पांच्या शेजारचा माणूस कौतुकाने म्हणाला, "करवली बघा कशी ठसक्यात बसलीय! रोह्याच्या पोरीच वेगळ्या."

"व्हय," पप्पा म्हणाले. "ही जरा जास्तच वेगळी हाय."

नवरीचा बाप शिवाकाका तेवढ्यात घाम पुसत मांडवात आला. भाविका त्याला फोनवरच्या आवाजापुरतं ओळखत होती. तो शेजाऱ्याच्या कानात सांगत होता, पण मोठ्याने, "वाढपी पोरांची गाडी वडखळला अडकलीय. रस्ता हलतच नाय. भात झालाय, बिरडं झालंय, भाकऱ्यांची चळत लागलीय, नि वाढायला मानूस नाय! आपल्या भावकीतली पोरं शोधतो, तर सगळी बँजोपुढे झिंगलेली."

इकडे म्हातारीने मडक्यातला पाला बाजूला केला, डोळे मिटून हात आत घातला आणि भक्तिभावाने वर काढला. हातात बटाटा होता. मसाला लावलेला.

बँजो मध्येच थांबला.

म्हातारीने पुन्हा हात घातला. या वेळी कांदा आला.

"रोह्याकडे अशी पद्धत असेल," कोणीतरी हळूच म्हणालं.

"कसली पद्धत!" मांडवाच्या दारातून आवाज आला आणि सगळ्यांच्या माना वळल्या. दारात काशीबाई आत्या उभ्या होत्या. अंगावर जांभळी साडी, साडीवर अननस, हातात हळदीची चांदीची वाटी. मागे घामाघूम झालेलं अख्खं रोहा, तेही अननसात. "स्टेशनावर कुत्रं नाय आमच्या स्वागताला! पायपीट करीत आलो. नि इथं पाटावर ही कोन बसलीय? आमचा कपडा घालून?"

शिवाकाका एकदा या अननसांकडे, एकदा त्या अननसांकडे बघत राहिला. काशीबाईंचा पारा चढतच होता. "आमचा मान दुसऱ्याला दिला. आमचा कपडा दुसऱ्याच्या अंगावर. त्या काळुरामला फोन लावा, त्याचं दुकानच बंद करते. नि ही हळद चालली परत रोह्याला!"

घराच्या दारात नवरी उभी होती. तिचा चेहरा पडला होता. नोकरी गेली, पप्पांची परवानगी गेली, काळुरामकाकांचा शब्द गेला. ते सगळं एक वेळ जाऊ दे. पण आपल्या शर्टांपायी या मुलीची हळद मांडवातून परत जाणार? बँजो बंद होता. आवाज मोकळा होता. भाविका पाटावर उभी राहिली.

"आत्या, मान तुमचाच आहे! आम्ही तुमचीच माणसं."

"माझी? मी तर तुला जन्मात बघितली नाय."

"म्हणजे तुमच्यासाठी आलेली माणसं. काळुरामशेठनी पाठवलीत." आता तोंड उघडलंच होतं, शब्द आपोआप येत होते. "एवढ्या मोठ्या घराचा कपडा त्यांनी शिवला. त्या घरच्या बायकांनी हळदीत येऊन पंगतीत वाढत फिरायचं? म्हणून तुमच्याकडून ही वाढायची टीम. कॉलेजची शिकलेली पोरं, तुमच्याच रंगात. शिवाकाकांचे वाढपी वडखळला अडकलेत, पण त्यांची पंगत अडणार नाय, कारण रोह्यानं आपली माणसं आधीच पुढे पाठवली!"

मांडवात कुजबूज झाली. "बघा, रोह्यानं वाढपीसुद्धा आणले." "कपड्यासकट!" काशीबाईंच्या मागे उभ्या असलेल्या रोह्याच्या पुरुषांच्या छात्या नकळत पुढे आल्या. पप्पा मात्र आईला विचारत होते, "ही आपलीच ना?"

काशीबाईंनी डोळे बारीक केले. "काळुराम मला काय बोलला नाय."

"सरप्राईज होतं, आत्या."

"नि बटाटा?"

भाविकाने मडक्याकडे बघितलं. "तो टीमचा डबा आहे."

काशीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर पंगतीच्या पत्रावळ्यांवर गेली आणि तिथेच रेंगाळली. आयुष्यभर प्रत्येक हळदीत त्यांच्या अंगावर घरचा कपडा होता. म्हणजे प्रत्येक हळदीत त्यांच्या हातात पळी होती. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर गार भात खायचा, हीच त्यांची हळद.

"म्हंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "मी बसायचं? पयल्या पंगतीला?"

"अगदी मधोमध, आत्या."

काशीबाईंनी हळदीची वाटी नवरीच्या आईच्या हातात दिली. मग वळून रोह्याच्या बायकांवर गरजल्या, "बघता काय गो? बसा! आज आपन पाहुन्या!"

आणि मग जे झालं ते कासूत अजून सांगतात. ढगळ बाह्या खांद्यापर्यंत सरकवून पोरांनी पंगतीत धाव घेतली. आमना ओळींची मुकादम झाली. "भाकरी ह्या बाजूनं! बिरडं मागून! ओ दादा, तुम्ही दोनदा घेतलंत, मी बघितलंय, पण घ्या!" निकेश बिरड्याचं पातेलं घेऊन असा पळत होता की एकाही पानावर हात वर करून बोलवायची वेळ आली नाही. भाविकाचा आवाज मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता, "तिसऱ्या ओळीला भात! आजोबांना मऊ भाकरी!" मागच्या अंगणात शिवाकाकाने स्वतः पोपटीच्या मडक्याला जाळ लावला, कारण टीमचा डबा कच्चा राहणं त्यालाच बरं वाटेना.

काशीबाई मधोमध बसून गरम भात जेवल्या. भाविका वाढायला वाकली तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं.

"बोललीस खोटं," त्या हळूच म्हणाल्या. "पन वाढलंस खरं. पोट भरलं बाय माझं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने, "परवा लग्नाला रोह्याला हीच पोरं पायजेत! ह्याच कपड्यात!"

झालं. हात धुवायच्या जागेवर तीन बायकांनी भाविकाला घेरलं. एकीच्या मुलाची हळद होती, एकीच्या पुतणीची, तिसरीचं अजून काहीच ठरलं नव्हतं, पण ती टीम राखून ठेवायला सांगत होती. तेवढ्यात फोन वाजला. काळुरामशेठ होते.

"अगो, काय केलंस तू? सगळीकडून फोन येतायत. मी घाबरून उचलत नवतो. आता उचलला, तर बोलतात, कपडा नि वाढपी एकत्र देता का! मी काय सांगू?"

"हो सांगा, काका."

"काउंटर तुझा! उद्याच ये!"

"उद्या सांगते," भाविका म्हणाली आणि काळुरामशेठना पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबायला लावलं.

परतीच्या मिनीडोर रिक्षात आई, पप्पा आणि भाविका दाटीवाटीने बसले होते. भाविकाच्या केसात वेणी होती, शर्टावर बिरड्याचे डाग होते. वडखळच्या गर्दीत गाडी थांबली. पप्पांनी घसा साफ केला.

"बोललो होतो, तक्रार घरी आली की काम बंद. आज तक्रार घरी आली नाय. मीच जाऊन तक्रारीच्या पयल्या रांगेत बसलो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शिवा विचारत होता, ती पोरगी कोनाची. मी बोललो, माझी. तीनदा बोललो. तरी त्याला पटेना."

आईने पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की डोळे पुसत होती, ते अंधारात कळलं नाही.

"आई, पप्पा," भाविका सरळ बसली, "मी ठरवलंय. काळुरामकाकांची नोकरी मी घेणार नाय. कपडा त्यांचा, टीम माझी. फक्त शनिवार-रविवार, आणि बोर्डाच्या आधी पूर्ण बंद, हे माझं मीच सांगतेय. परवा रोह्याला दोन माणसं कमी पडतायत, म्हणून तुमची नावं मी काशीबाईआत्यांना देऊन टाकलीत. आई भाताला, पप्पा पाण्याला. आणि हे बघा, मांडवात माझी ओळख दाखवायची नाय. घरच्यांना सोपं काम दिलं असं बाकीच्या पोरांना वाटायला नको!"